चाळीस सेकंद

मोबाइलवर राजवीर चुकला. शेवटची पेनल्टी. चेंडू उजव्या खांबाबाहेर. फायनल गेली.

चौकातला मोठा पडदा: राजवीर मध्यरेषेवरून आत्ता चालत निघालाय.

चौकात शे-दीडशे मोबाइल एकदम खाली आले. पहिली शिवी पानपट्टीकडून आली, दुसरी सगळीकडून. तालमीच्या दारावर सकाळीच चढवलेला राजवीरचा फ्लेक्स दोघांनी खालून ओढला. तो बरोबर चेहऱ्यातून फाटला.

"येऊ दे घरला त्याला," तालमीचा अध्यक्ष अमरसिंह म्हणाला. "पाय ठेवू दे पेठंत."

पडदा: तो अजून चालतोय. मागं सगळी टीम एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी.

खिजर पडद्याच्या वायरींपाशी होता. स्कोअरची वेबसाइट त्यानं बनवलेली. तिच्यातली जुनी कोड-लायब्ररी जड होती. मैदानावरून एक आकडा आला, की अख्खं पान नव्यानं मांडत बसायची, आणि स्वस्तातले मोबाइल तेवढा वेळ गोठायचे. परवा त्यानं साइटचा बाकी सांगाडा तोच ठेवून हलकी लायब्ररी बसवली. आता मैदानावर नोंद झाली, की चौकात निकाल. पडद्यावरचं प्रक्षेपण मात्र पूर्वीसारखंच चाळीस सेकंद मागं. आधी दोन्ही मागं होती. कुणाला कळत नव्हतं.

आज पहिला गोल पडद्याआधी मोबाइलवर दिसला, तेव्हा पोरांनी खिजरला खांद्यावर घेतलं होतं.

पडदा: राजवीरनं चेंडू हातात घेतला. जर्सीला पुसला.

"का वरडालायसा?" पहिल्या रांगेतून शालूबाईंनी मागं वळून विचारलं. राजवीरची आई. त्यांच्याकडं मोबाइल नव्हता. "अजून मारला न्हाय की त्यानं."

"मारला. घालवलं तुझ्या पोरानं," अमरसिंह म्हणाला. "ऊठ. खुर्ची दे हिकडं."

दोन तासांपूर्वी हीच खुर्ची त्यानं स्वतः पुसून दिली होती. आक्का, बसा, म्हणाला होता.

शालूबाई उठल्या. खुर्ची डोक्यांवरून मागं गेली.

पडदा: चेंडू ठिपक्यावर. तो वाकून फिरवतोय. शिलाई खाली जाईल असा.

"आक्का, घरी चला," खिजर पुढं आला.

"तू मधी पडू नकोस," अमरसिंहनं त्याची कॉलर धरली. "तुझं मशीन खोटं बोलतंय काय? बोल की. खोटं हाय म्हण, फ्लेक्स परत लावतो."

"खरं हाय."

"मग?"

कॉलर सुटली ती ढकलूनच.

"खिजर," शालूबाईंनी विचारलं, "हे पडद्यावर कवाचं हाय?"

"मागचं हाय, आक्का."

"किती मागचं?"

"चाळीस सेकंद. त्यानं मारायला आता… दहा उरली असतील."

"आणि चेंडू कुठं गेला म्हणतंय तुझं मशीन?"

"उजवीकडं. बाहेर."

पडदा: राजवीर उलट्या पावलांनी मागं येतोय. चार पावलं. पाच.

शालूबाई दोरी ओलांडून पडद्यासमोर गेल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "ए म्हातारे, बाजूला हो." कुणीतरी हसलं. पाण्याची अर्धी बाटली पाठीवर येऊन फुटली. त्यांनी वळून पाहिलं नाही. दोन्ही हातांचा कर्णा करून, चौकातल्या सगळ्या शिव्यांच्या वर आवाज काढून त्या ओरडल्या,

"डावीकडं मार, राजा! डावीकडं!"

पडदा: पंचांची शिट्टी. राजवीरनं मान वर केली.