अंगठीचा आवाज

"अण्णा, यात कुणी वादक नाही. सगळं मशीननं वाजवलंय," संगीतकार हसत म्हणाला.

ढोलकीवाल्या अण्णांनी हेडफोन कानांवर दाबून धरला. त्यांना काही हे पटेना. ती थाप जरा जास्तच ओळखीची वाटत होती.

"पुन्हा लाव."

समेच्या किंचित अलीकडे बारीकसं 'टक्' वाजलं आणि अण्णा चरकले. लग्नातली अंगठी ढोलकीच्या लाकडाला लागली की असंच वाजायचं. त्यापायी याच स्टुडिओत त्यांनी वर्षानुवर्षं बोलणी खाल्ली होती, पण अंगठी काही काढली नव्हती.

"हे कधी केलंस?"

"आज सकाळी. इथली जुनी रेकॉर्डिंग्ज ऐकवून मशीनला शिकवलंय."

अण्णांनी आपल्या मोकळ्या बोटाकडे पाहिलं. गेल्या वर्षी बायकोला अखेरचा निरोप देताना त्यांनी ती अंगठी तिच्याच मुठीत ठेवली होती.

मशीनच्या बोटात ती अजून होती.