पट्टीचा होल्डर

वाशीमच्या कोर्टाच्या फाटकाबाहेर शुभांगीनं पवनला माहेरी, केनवडला जायच्या बसची वेळ विचारली. त्यानं ती सांगितली नाही. म्हणाला,

"सकाळी नवा होल्डर निघाला थ्री-डी प्रिंटरातून. पाहाले येतं का?"

दोघांचा घटस्फोट होऊन अर्धा तासही झाला नव्हता. पण त्या होल्डरचं डिझाइन शुभांगीचं होतं. ती जरा वेळ रस्त्याकडे पाहत उभी राहिली, मग त्याच्या मोटारसायकलवर मागं बसली. मध्ये तिनं आपली पिशवी ठेवली.

कामाची शेड दोघांनी मिळून उभी केली होती. आत अकोल्याच्या रऊफभाईंचं जुनं मशीन होतं, एलईडी दिव्यांच्या सर्किटवर तिळाएवढे भाग बसवणारं. हे भाग कागदी पट्टीतल्या खळग्यांत भरून येतात आणि वरून पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. पट्टी धरून ठेवायला होल्डर लागतो. इतक्या जुन्या मशीनचे होल्डर कुठंच मिळेनात, तेव्हा रऊफभाईंनी मशीनच या दोघांकडे आणून टाकलं होतं. अडचण एकच होती. पापुद्रा सोलला की पट्टी किंचित उचलली जायची आणि भाग खळग्यातून उडून पडायचा. तो मग झाडूनही सापडत नसे. कितीतरी होल्डर त्यापायी वाया गेले होते.

शुभांगीनं नवा होल्डर खिडकीच्या उजेडात धरला. मशीनची नळी जिथं भाग उचलते, तिथं तिनं या वेळी दोन्ही बाजूंनी बारीक कड काढली होती, पट्टी दाबून धरायला. तिनं पट्टी सरकवून पाहिली. डावीकडे अडत होती. तिनं काही म्हणायच्या आधीच पवननं कानस पुढं केली. तिनं कड घासली, फुंकर मारली, पुन्हा पट्टी घातली आणि होल्डर त्याच्या हातात दिला.

इथं त्यांचं असंच चालायचं. घरी मात्र बाळ गेल्यापासून कुठलंही बोलणं दवाखान्यापाशी येऊन थांबे. लवकर निघालो असतो तर. तू आधी सांगितलं असतं तर. मग एक जण उठून दुसऱ्या खोलीत जाई. सकाळी शेडवर आले की तेच दोघं पाव मिलिमीटरवरून तासभर बोलत बसत. मोठं भांडण असं कधी झालंच नाही. अर्जात कारण काय लिहावं हे वकिलालाही कळेना. शेवटी त्यानं पटत नाही एवढंच लिहिलं.

पवननं मशीन सुरू केलं. नळी खाली आली, भाग उचलला, सर्किटवर नेऊन ठेवला. परत आली. नळीजवळची पिन पट्टी एकेक खळगा पुढं ओढत होती, पापुद्रा मागं सोलला जात होता, आणि पट्टी उचलली जात नव्हती. दोघं वाकून पाहत राहिले. एकही भाग उडाला नाही.

"बसला," शुभांगी म्हणाली. तिनं पवनचा दंड घट्ट धरला होता. ते लक्षात आल्यावर तिनं हात काढून घेतला.

पवननं रऊफभाईंना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि मशीनजवळ धरून त्यांना आवाज ऐकवला. रऊफभाई खूश झाले. बाकीचे होल्डर लगेच करायला घ्या म्हणाले. आजच्या कोर्टाचं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

"आता भाभीले घेऊन या जेवायले," ते म्हणाले. "हलिमा कधीची म्हणून राह्यली. एकटे नका येऊ, दोघंही या."

पवननं शुभांगीकडे पाहिलं. ती टेबलावरचा प्लास्टिकचा भुगा तळहातानं गोळा करत होती.

"हो," तो म्हणाला. "येतो आमी."

फोन ठेवल्यावर शुभांगीनं वर पाहिलं.

"कायले हो म्हटलं तुमी?"

"नाही म्हटलं असतं त काहून ते सांगा लागलं असतं," पवन म्हणाला. मग कानस जागेवर ठेवत म्हणाला, "अन् ते मलेच नाही माहीत."

शुभांगीनं भुगा डब्यात टाकला. ओढणीला हात पुसले आणि पिशवी उचलली. पवन मोटारसायकलची किल्ली शोधू लागला. ती दारापर्यंत गेली, मशीनकडे वळून पाहिलं आणि पिशवी परत खाली ठेवली. पट्टी सरेपर्यंत बसते म्हणाली.

त्यानं तिच्यासाठी स्टूल ओढलं आणि स्वतः मशीनच्या दुसऱ्या बाजूला बसला. रिकामी झालेली पट्टी होल्डरमधून बाहेर येऊन खाली फरशीपर्यंत लोंबत होती. भरलेली थोडीच उरली होती. पट्टीचं नवं रीळ शेल्फवर होतं. ते काढायला कुणी उठलं नाही.

भरलेल्या पट्टीचं शेवटचं टोक टेबलाच्या कडेवरून वर आलं आणि होल्डरकडे सरकू लागलं, तेव्हा पवननं त्यावर बोट ठेवलं. पट्टी जागीच थांबली, पिन तिच्यावरून घसरली. नळी रिकामी खाली आली, रिकामी वर गेली, पुन्हा खाली आली.

शुभांगीला ते दिसत होतं. तिनं बोट काढायला सांगितलं नाही.