अडकलेली ओळ

झांबियातल्या किट्वे शहराच्या रेडिओ केंद्रावर म्हातारा कपेम्ब्वा आपल्या आवडीची गाणी ऐकवत होता. शेवटी त्याने गिटार घेतली आणि ऐन तरुणपणी ज्या गाण्याने त्याच्या रॉक बँडचं नाव खाणींच्या वस्त्यांमधून गाजवलं, ते सुरू केलं. दुसऱ्या कडव्यात तो एकच ओळ पुन्हापुन्हा गाऊ लागला. निवेदिका कुजबुजली, "आजोबा, पुढचं विसरलात का?" "विसरतोय कसला," वाजवता वाजवता तो म्हणाला. "आमच्या घरची रेकॉर्ड इथेच अडकायची. मग बायको चुलीवरची न्शिमा, मक्याच्या पिठाची उकड, सोडून यायची. 'हात मोडलेत का तुमचे?' म्हणत पिठाळ बोटांनी सुई उचलायची. आता कोण उचलणार?" ओळ पुन्हा सुरू झाली. तेवढ्यात फोन खणखणला. निवेदिकेने थेट प्रसारणातच घेतला. "हात मोडलेत का तुमचे, बाबा?" लेक करवादली. "घ्या, उचलली सुई." बायको गेल्यापासून पहिल्यांदाच ते गाणं पुढे सरकलं.