पाद्यपूजा

वडिलांच्या, म्हणजे आबांच्या साठीला पाद्यपूजा करायची, कामोठ्याच्या सोसायटीतल्या सगळ्यांना बोलवायचं, फोटोग्राफरही सांगायचा, असं इंद्रजितनं ठरवलं. अडचण एकच होती. तीस वर्षं मार्केटात गोण्या वाहून आबांच्या तळव्यांना मोठाली कुरुपं झाली होती.

तो कुरुपावर लावायच्या औषधी पट्ट्या घेऊन आला. "एका वेळी एकच लावा, भोवतालच्या चांगल्या कातडीला लागू देऊ नका आणि घाई तर अजिबात नको," असं मेडिकलवाल्यानं दोनदा बजावलं होतं. घरी येऊन त्यानं पाकीट आबांच्या हातात ठेवलं आणि एवढंच म्हणाला, "रविवारच्या आत जायला पाहिजेत ही. पाय धुताना सगळ्यांना दिसतील."

आबांनी पाय लुंगीखाली ओढून घेतले. "काळजी करू नगंस. चारचौघांत तुझी मान खाली जाऊ द्यायचो न्हाय मी."

रविवारी घर माणसांनी भरलं. आबांनी अगदी शेवटी मोजे काढले आणि पाय थेट परातीत ठेवले. इंद्रजितनं तांब्यातलं कोमट पाणी सोडलं, तळव्यांवरून हात फिरवला. आबा हसत होते, पण खुर्चीचे हात त्यांनी घट्ट धरले होते.

परातीतलं पाणी लाल झालं. कुंकवाचं तबक अजून देवघरातच होतं.


"दादा, मान जरा वर करा," फोटोग्राफर सांगत राहिला. इंद्रजितला ती काही वर करवेना.