घोंगड्यातली ऊब

"बाबा, बंडी काढा आणि बाळाला उघड्या छातीशी धरा," नर्सबाई म्हणाली. अँब्युलन्समधली ऊब द्यायची पेटी बंद पडली होती आणि सातव्या महिन्यात झालेली ती चिमुरडी बर्फागत गार पडत चालली होती. शेजारी तिची आई सलाईन लावून निपचित पडलेली.

धुळबा धनगर हसला. "मला काय शिकवता बाई? माघाच्या थंडीत झालेली कोकरं ह्याच छातीवर जगवलीत मी."

"कोकरू नाही ते बाबा, नात आहे तुमची. नाक तेवढं उघडं ठेवा," असं दटावून बाई सुनेकडं वळली, कारण तिचं रक्त काही केल्या थांबत नव्हतं.

घाट लागला. खिडकीची काच वर येईना आणि गार वारं भसाभसा आत शिरू लागलं. कोकराला झाकतात तसं धुळबानं खांद्यावरचं घोंगडं नातीच्या डोक्यावरनं ओढून घेतलं. पोर जरा चुळबुळली, मग गप झाली. "निजली गं माझी बाय," म्हणत त्यानं घोंगडं आणखी घट्ट धरलं. हळूहळू तिचे पाय कोमट लागले, तसा म्हातारा खुळ्यागत खूश झाला.

दवाखान्याच्या दारात बाईनं घोंगडं बाजूला केलं. तिनं पोरीच्या नाकाशी बोट धरलं, दोन बोटांनी छाती दाबली, दाबतच राहिली. मग थांबली.

मागनं सुनेचा बारीक आवाज आला. "मामा, पोर गरम हाय न्हवं?"

"हाय गं," धुळबा म्हणाला. "लई गरम हाय."