तळव्याची तपासणी

मधुमेहाच्या तपासणीला आलेल्या मावशींच्या तळव्यावर सिस्टर नायलॉनचा बारीक दोरा टेकवत होत्या. "डोळे मिटा, टोचलं की सांगा हं." मावशी ओठ आवळून बसल्या, हूं नाही की चूं नाही. पायाची संवेदनाच गेली की काय! सिस्टर शेजारी उभ्या असलेल्या मावशींच्या नवऱ्याकडे वळल्या.

"काका, यांना खडा रुतला तरी कळणार नाही. रोज तळवे तुम्हीच बघायचे, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा."

घाबरलेल्या काकांनी तिथेच खाली बसून बायकोचं पाऊल हातात घेतलं. बेचक्यात बोट घातलं मात्र, मावशी खुर्चीतून उडाल्याच. "अहो, सोडा! टोचत कुठे होतं? गुदगुल्या होत होत्या. मघापासून हसू दाबून बसलेय मी!"

सिस्टर हुश्श करून हसत सुटल्या. काका ओशाळून उठू लागले.



तशी मावशींनी हळूच दुसरा पाय पुढे केला. "अहो, हा राहिला की!"