शेवटी येणाऱ्यानं दार लावायचं

छोट्या खासगी कॉलेजात तिच्या वर्गात मुलं नऊच. शेवटी येणाऱ्यानं दार लावून "सगळे आले, सर" म्हणायचं आणि मगच सरांनी खडू उचलायचा, असा तिथला शिरस्ता. हवा तो विषय मिळेल म्हणून ती सरकारी विद्यापीठात गेली. पहिल्याच तासाला धापा टाकत सभागृहात शिरली, दार लावलं आणि सवयीनं बोलून गेली, "सगळे आले, सर!" तीनशे पोरं खदाखदा हसली. "अर्धे कँटीनमध्येच आहेत, बाईसाहेब," प्राध्यापक माइकवर म्हणाले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी जुन्या वर्गातल्या बडबड्याचा फोन आला. "तास झाला ना रे?" तिनं विचारलं. "उशिरा सुरू झाला. दार लावायला मीच गेलो, पण 'सगळे आले' काही तोंडातून निघेना." "मग?" "सर म्हणाले, 'राहू दे दार उघडंच.'"